प्रत कशाची निघते?

'क्वाझिड्युप्लिकेट' नावाचं एक पान आहे. 'मॅजिक : द गॅदरिंग अरेना' या कॉम्प्युटरवर खेळायच्या पत्त्यांच्या खेळात ते मिळतं. किंमत तीन माना, त्यातले दोन निळे. काम एकच : तुमच्या बाजूचा एखादा जीव निवडायचा आणि हुबेहूब त्याच्यासारखा दुसरा मैदानात उभा करायचा. हे पान कधी टाकावं, कशावर टाकावं आणि कधी मुकाट्याने हातात धरून बसावं याचा मी गेली चार वर्षं जेवढा विचार केला आहे, तेवढा माझ्या वयाच्या माणसाने करू नये असं घरच्यांचं मत आहे. ते बरोबरही असेल. पण या विचारातून एक प्रश्न निघाला, आणि तो खेळापुरता राहिला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

जे हा खेळ खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'मॅजिक' हा मूळचा कागदी पत्त्यांचा खेळ, 1993 साली रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तयार केलेला. त्याची 'अरेना' ही डिजिटल आवृत्ती 2018 मध्ये सगळ्यांना खेळून पाहायला खुली झाली आणि 2019 मध्ये रीतसर आली. आपल्या मेंढीकोटात किंवा रमीत पत्ते सगळ्यांचे सामायिक. पिसून वाटले की नशिबाने जे येईल ते. इथे प्रत्येकजण आपापला कॅट घेऊन येतो, साठ पानांचा, हजारो पानांमधून निवडलेला. जमिनीची पानं मांडायची, त्यांच्यातून 'माना' म्हणजे शक्ती काढायची, ती खर्चून जीव उभे करायचे किंवा मंत्र टाकायचे. प्रत्येक जीवावर दोन आकडे असतात : मार आणि तग. दोन्ही खेळाडू वीस प्राणांनिशी सुरुवात करतात. ज्याचे शून्य झाले तो हरला.

हा खेळ मला माझ्या पुतण्याने शिकवला, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता. माझा मोठा भाऊ, म्हणजे त्याचे वडील, जाऊन चार वर्षं झाली होती. वहिनी आणि तो त्या काळात आमच्याकडेच राहायला होते. रात्रीची जेवणं झाली की तो त्याच्या लॅपटॉपवर आणि मी माझ्या, एकाच खोलीत बसून एकमेकांशी खेळायचो.

क्वाझिड्युप्लिकेट हातात आल्यावर नवख्या माणसाला जे वाटतं तेच मला वाटलं. सगळ्यात मोठा जीव शोधा आणि दुप्पट करा. त्या काळात माझा लाडका जीव होता 'हायड्रॉइड क्रासिस'. हे पान मोठं मजेदार. त्याच्या किमतीत एक 'एक्स' असतो, आणि एक्सच्या जागी तुम्ही जेवढे माना ओताल तेवढा तो मोठा होतो. मी आठ माना खर्च केले. दोन त्याची मूळ किंमत, उरलेले सहा एक्समध्ये. सहा मार, सहा तग असलेला, उडणारा अक्राळविक्राळ प्राणी उभा राहिला. शिवाय तो टाकताना मला तीन प्राण मिळाले आणि तीन पानं ओढायला मिळाली. पुढच्या फेरीत मी दिमाखात त्याच्यावर क्वाझिड्युप्लिकेट टाकलं. पडद्यावर दुसरा क्रासिस क्षणभर चमकला आणि नाहीसा झाला. मला वाटलं, प्रोग्राममध्ये काहीतरी बिघाड आहे.

पुतण्या हसून लोळत होता. मग त्याने समजावलं. क्रासिसवर छापलेले आकडे आहेत शून्य आणि शून्य. तो मोठा होतो तो त्याच्यावर ठेवलेल्या काउंटरांमुळे, आणि किती काउंटर ठेवायचे ते ठरतं तो टाकताना तुम्ही किती ओतलं त्यावरून. प्रत निघते ती छापलेल्या पानाची. त्या पानासाठी मी काय ओतलं होतं, ते प्रतीला माहीतच नसतं. तिच्या दृष्टीने एक्स म्हणजे शून्य. शून्य तग असलेला जीव मैदानात टिकत नाही, आला तसाच मरतो. तीन प्राण आणि तीन पानंही मिळाली नाहीत, कारण ती क्रासिस 'टाकल्यावर' मिळतात आणि प्रत कोणी टाकलेली नसते, ती नुसती उगवते.

हा खेळाचा नियम आहे आणि तो फार काटेकोर आहे. प्रतीत काय उतरतं? नाव, किंमत, रंग, जात, अंगचे गुण, छापलेले आकडे. काय उतरत नाही? काउंटर, अंगाला चिकटलेली वरदानं, झालेल्या जखमा, थकवा. म्हणजे तो जीव मैदानात आल्यापासून त्याचं जे काही झालं, त्यातलं काहीच उतरत नाही. प्रत जन्माची निघते, आयुष्याची नाही.

यातून या पानाच्या डावपेचाचं पहिलं सूत्र निघतं. जो आयुष्यात मोठा झाला त्याची प्रत काढू नका. जो येतानाच काहीतरी घेऊन येतो त्याची काढा. 'एजंट ऑफ ट्रेचरी' नावाचा जीव होता. सात मानांचा, दिसायला किरकोळ, दोन मार आणि तीन तग. पण तो मैदानात पाऊल टाकतानाच समोरच्याची एखादी चीज तुमच्या ताब्यात आणतो. त्याची प्रत तीन मानांत काढली तर तीही पाऊल टाकताना आणखी एक चीज उचलते. (इतर पानांच्या मदतीने लोकांनी या एजंटाचा एवढा धुमाकूळ घातला की जून 2020 मध्ये तो 'स्टँडर्ड' प्रकारच्या डावांतून बाद करावा लागला.) दिसायला भव्य क्रासिस निरुपयोगी आणि किरकोळ एजंट सोन्याचा, हे समजायला मला महिना लागला.

सगळ्या खेळांचा नियम असा नाही. 2014 साली आलेल्या 'हार्थस्टोन' या दुसऱ्या डिजिटल पत्त्यांच्या खेळात 'फेसलेस मॅनिप्युलेटर' नावाचं पाच मानांचं पान आहे. तो मैदानातल्या कोणत्याही जीवाचं रूप घेतो, आणि घेताना समोरचा आत्ता आहे तसा घेतो : वाढलेल्या ताकदीसकट आणि झालेल्या जखमांसकट. म्हणजे दोन खेळ बनवणाऱ्यांनी एका जुन्या प्रश्नाची दोन उत्तरं दिली आहेत. 'तो' म्हणजे कोण? जन्माला घेऊन आला तेवढाच, की त्यावर साचलेलं सगळं धरून? खेळ बनवणाऱ्यांना उत्तर द्यावंच लागतं, कारण कॉम्प्युटरला 'दोन्ही बाजूंनी बोलता येईल' असं सांगून चालत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची गोष्ट फार पूर्वी सांगून झाली आहे. नळ-दमयंतीचं स्वयंवर. महाभारताच्या वनपर्वात ते आहे, आणि रघुनाथपंडितांच्या आख्यानामुळे मराठी वाचकाच्या ओळखीचंही आहे. दमयंती वरमाला घेऊन उभी राहते तर समोर पाच नळ. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम या चौघांनी नळाचं रूप घेतलेलं. ती देवांचीच करुणा भाकते, तेव्हा देव आपली लक्षणं उघड करतात आणि तिला खरा नळ ओळखता येतो. कशावरून? चौघांना घाम नाही, एकाला आहे. चौघांच्या माळा ताज्या, एकाची सुकलेली. चौघांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, एकाच्या अंगावर धूळ आहे. चौघांच्या पापण्या लवत नाहीत, चौघांची सावली पडत नाही. लहानपणी मला यात देवांचा चमत्कार दिसायचा. आता वाटतं, गोष्ट नळाबद्दल बोलते आहे. रूप, उंची, चेहरा हे सगळं पाचांमध्ये समान होतं. वेगळं होतं ते एवढंच, की एकजण उन्हातून, रस्त्यावरून, वेळ खर्च करून तिथे आला होता. दमयंतीने ज्याला माळ घातली त्याची खूण म्हणजे त्याच्या अंगावरची धूळ.

इथे आमच्या घरातली गोष्ट सांगायला हवी.

दादा गेल्यापासून आमच्या घरात एक वाक्य रोज कोणी ना कोणी म्हणतं : 'अगदी दादा!' पुतण्या दारात चपला काढतो, अगदी दादा. गाडी वळवताना मान कलती करतो, अगदी दादा. हातातलं हुकमाचं पान शेवटपर्यंत दाबून ठेवतो, अगदी दादा. हे म्हणण्यात सगळ्यात पुढे मीच. दादा सिव्हिल इंजिनिअर होता. खेडोपाडीच्या रस्त्यांवर छोटे पूल आणि मोऱ्या बांधायची कामं घ्यायचा. त्यामुळे पुतण्याने सिव्हिलला जावं असं ठरवण्याचीही कोणाला गरज पडली नाही, ते ठरलेलंच होतं. फी मी भरतो. 2022 मध्ये त्याने प्रवेश घेतला. या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत, एका रात्री, डाव चालू असताना पडद्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, "काका, मला हे पुढे नाही करायचं."

मी विचारलं, "मग काय करायचंय?"

"माहीत नाही. हे नाही, एवढं माहीत आहे."

मी जे बोललो ते असं : "दादा असता तर..."

वाक्य पुरं केलं नाही, पण त्याला पुरं करायची गरज नव्हती. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "क्रासिस आठवतो तुला?"

त्या रात्री मला राग आला होता. हे पोरगं खेळाच्या पानाची उपमा देऊन मला गप्प करतं आहे, असं वाटलं. नंतर बरेच दिवस ती उपमा डोक्यातून गेली नाही. आम्हाला जो दादा आठवतो तो पंचेचाळिशीचा. शांत, कोणाच्याही अडचणीला धावणारा, साइटवरच्या गवंड्याच्या पोरांची नावं माहीत असणारा. मी त्याचा धाकटा भाऊ; एकोणीस वर्षांचा दादाही मी पाहिला आहे. तो चिडका होता, एका वर्षात दोन विषयांत नापास झाला होता, आणि वडिलांशी दोन महिने बोलत नव्हता. शांतपणा त्याच्यावर छापलेला नव्हता. त्यासाठी काय काय ओतलं गेलं याचा हिशेब कोणाकडेच नाही : बुडालेली बिलं, पहिल्या पावसात वाहून गेलेली एक मोरी, वहिनींचा सहवास. आम्ही पोराच्या चेहऱ्यात दादाचा चेहरा पाहिला आणि त्याच्याकडून दादाचे काउंटर मागितले. त्याच्याकडे एक्स शून्य होता. तसा तो प्रत्येकाकडेच असतो.

दुसरंही एक आहे. क्वाझिड्युप्लिकेट ज्याच्यावर टाकायचं तो जीव मैदानात हजर असावा लागतो. स्मशानात गेलेल्याची प्रत त्याने निघत नाही. इतकंच नाही, तुम्ही मंत्र टाकला आणि तो पुरा होण्याआधी समोरच्याने उत्तरादाखल तो जीव मारला, तर मंत्रही वाया जातो. एका फटक्यात दोन पानांचं नुकसान. मुरलेले खेळाडू म्हणूनच समोरच्याचे माना संपलेले असतील तेव्हाच हे पान काढतात. गेलेल्या माणसाची प्रत आपण काढतो तेव्हा ती त्याची नसते, आपल्या आठवणीची असते, आणि आठवण तर आपण रोज थोडी रंगवत असतो. म्हणजे मागणी वाढत जाते आणि ती ज्याच्याशी पडताळून पाहावी तो मात्र हजर नसतो.

मग प्रत काढणं मुळातच चूक आहे का? तसं म्हणणं सोपं आहे आणि खोटंही. माणूस नकलेतूनच शिकतो. मूल बोलायला शिकतं ते कोणाची तरी प्रत काढून. गाणं शिकणारा आधी गुरूच्या गळ्यातली जागा जशीच्या तशी घेतो, आणि घराणं म्हणजे काय तर प्रतींची परंपराच. शेतीत तर हे शब्दशः होतं. खाण्याच्या केळ्यात बी नसतं. केळ लावायची ती मुनव्यांपासून किंवा टिश्यूकल्चरच्या रोपांपासून. जळगावच्या बागांत ओळीने उभी असलेली ग्रँड नैनची झाडं म्हणजे एका झाडाच्या प्रतीच. त्यामुळेच घड एकसारखे येतात, एकाच वेळी येतात आणि बाजार चालतो. पण केळ्याच्या इतिहासात या सोयीची किंमतही लिहिलेली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात 'ग्रो मिशेल' जातीचं केळं चालायचं. पनामा रोग नावाची बुरशी आली आणि तिने मळेच्या मळे संपवले, कारण एक झाड ज्याने मरतं त्यानेच शेजारचंही मरतं. त्याची जागा कॅव्हेंडिश गटातल्या जातींनी घेतली, ग्रँड नैन त्यातलीच, आणि आता त्या रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारू लागला आहे.

खेळातलं दुसरं सूत्र हेच सांगतं. तुमच्याकडे एक भक्कम जीव आहे आणि दुसरा काय आणावा हा प्रश्न आहे, तर तोच पुन्हा आणणं बहुधा मोहाचं उत्तर असतं. समोरच्याकडे मैदान पुसून काढणारा मंत्र असेल तर एक जाईल त्यात दुसराही जाईल. जिंकत असताना प्रत काढली तर तुम्ही जास्त जिंकता, म्हणजे ज्याची गरज नव्हती ते मिळतं. हरत असताना काढली तर बहुतेक वेळा काहीच बदलत नाही, कारण जो जीव एकट्याने तुम्हाला वाचवू शकला नाही त्याच्यासारखा दुसरा येऊनही अडचण तीच राहते. पान उपयोगी पडतं ते मधल्या थोड्या जागेत. आमचं घर 2016 नंतर हरतं घर होतं. ज्याच्या जाण्याने पडलो त्याच्यासारखाच दुसरा उभा करू, एवढंच आम्हाला सुचलं.

'मॅजिक'मध्ये काही जीव 'लेजंडरी' असतात, म्हणजे नाव असलेले, एकमेव. त्यांच्या प्रतींचं काय करायचं यावर नियम करणाऱ्यांनी तीसेक वर्षांत बरेचदा मत बदललं. सुरुवातीला असं होतं की एक मैदानात असेल तर नंतर आलेल्याने जायचं. 2004 मध्ये ठरलं, एकाच नावाचे दोघे समोरासमोर आले तर दोघांनीही मरायचं. मग लोक 'क्लोन' नावाचं जुनं, चार मानांचं पान शत्रूच्या राजाची प्रत काढायला वापरू लागले. राजा हवा म्हणून नव्हे, राजा मारायला. 2013 मध्ये हेही बदललं. आता प्रत्येक खेळाडूला आपल्या बाजूला एकच ठेवता येतो, कोणता ते तोच निवडतो. मला यातला मधला, नऊ वर्षं चाललेला नियम सगळ्यात विचार करायला लावतो. एकमेव माणसाची प्रत उभी केली की दोघेही संपतात. कारण 'एकमेव' हाच ज्याचा अर्थ होता, त्याचा तो अर्थच गेला. 'अगदी दादा' म्हणता म्हणता आम्ही पुतण्याला तर पुसत होतोच, दादालाही पुसत होतो. चपला काढण्याची ढब, मान कलती करणं, हुकूम दाबून ठेवणं, एवढाच दादा शिल्लक ठेवत होतो.

याला उलट बाजूने जोरदार उत्तर आहे. डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्वज्ञाने 1984 सालच्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात एक कल्पना मांडली. एक यंत्र तुमची पेशी न् पेशी टिपतं आणि मंगळावर हुबेहूब तुमच्यासारखा माणूस तयार करतं, तुमच्या आठवणींसकट. एका प्रसंगात मूळ माणूस पृथ्वीवर जिवंत राहतो, पण यंत्राने त्याचं हृदय बिघडवलेलं असतं आणि तो काही दिवसांत मरणार असतो. पार्फिटचं म्हणणं, त्याने फार घाबरू नये. मंगळावरचा त्याचं आयुष्य पुढे नेईल, आणि हे जवळपास जिवंत राहण्याइतकंच चांगलं आहे. महत्त्व 'तोच' असण्याला नाही, जे पुढे चालू राहतं त्याला आहे. भागवताच्या दशम स्कंधातही अशीच एक गोष्ट आहे. ब्रह्मदेव गोकुळातली वासरं आणि गोपबालक लपवून ठेवतो, तेव्हा कृष्ण स्वतःच त्या सगळ्यांची रूपं घेतो. वर्षभर प्रतीच घरोघरी जेवतात, झोपतात. आयांना कळत नाही. उलट त्यांची माया आधीपेक्षा वाढते. मग वहिनींना किंवा आजीला पोरात दादा दिसला आणि त्याने जगणं सुसह्य झालं, तर कोणाचं काय बिघडलं?

मी या प्रश्नाशी बराच काळ अडकलो. आता जे वाटतं ते असं. खेळातल्या प्रतीला आपण प्रत आहोत हे माहीत नसतं. गोकुळातल्या प्रती खुद्द कृष्णच होत्या, त्यांना दुखावून घ्यायचं कारण नव्हतं. पार्फिटच्या मंगळावरच्या माणसाला तर मूळ माणसाच्या सगळ्या आठवणीच मिळालेल्या असतात, त्यामुळे ते आयुष्य त्याला आपलंच वाटतं. पुतण्याचं तसं नाही. बारा वर्षांचा असल्यापासून त्याला माहीत आहे की त्याच्याकडे पाहणारे डोळे त्याच्या पलीकडे कोणाला तरी पाहतात, आणि त्या पलीकडच्या माणसाची एकही आठवण त्याच्या आत नाही. जे बिघडतं ते इथे. एखाद्यावर प्रेम करायचं, पण त्याच्यावर स्वतःचा एकही काउंटर साचू नये अशा अटीवर करायचं, हा अन्याय आहे. साम्य दिसणं हा अन्याय नव्हे. त्याला जुळत नसेल ते काहीच न दिसणं हा आहे.

आणि इथे खेळ आमच्यापेक्षा प्रामाणिक निघाला. खेळात प्रत काढणं हे एका क्षणाचं काम. त्या क्षणानंतर दोघांचा संबंध संपतो. मूळ जीवाला जखम झाली तर प्रतीला होत नाही. प्रतीवर ठेवलेला काउंटर तिचाच. ती पहिल्या फेरीत हल्ला करू शकत नाही, नवी आहे म्हणून. मैदानात रुळायला तिला इतर कोणत्याही नव्या जीवाइतकाच वेळ द्यावा लागतो. आम्ही तो मंत्र आठ वर्षं रोज टाकत राहिलो.

एक फरक मात्र खेळातही शेवटपर्यंत राहतो, आणि तो मला सगळ्यात उशिरा कळला. मैदानात उभे असताना मूळ जीव आणि त्याची प्रत यांच्यात ताकदीचा काहीच फरक नसतो. फरक दिसतो तो मैदान सोडताना. जीवाला उचलून हातात परत पाठवणारे मंत्र असतात. मूळ जीवावर तो टाकला तर ते पान तुमच्या हातात येतं, पुन्हा माना जमवले की पुन्हा खेळता येतं. प्रत म्हणजे टोकन. तिच्यामागे पान नसतं. ती मैदानातून उठली की कुठेच जात नाही, नाहीशी होते. म्हणजे मूळ कोण, याचं खेळातलं उत्तर असं, की ज्याला परत जायला हात आहे तो.

'मला हे पुढे नाही करायचं' हे वाक्य त्या पोराने दोन वर्षं का म्हटलं नसेल, ते मला यावरून कळलं. आमच्या घरात त्याची जागा दादासारखं असण्याच्या जागेवर होती. तिथून उठल्यावर तो कोण, हे आम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

जूनमध्ये फी भरायची तारीख जवळ आली तेव्हा मी वहिनींशी बोललो. सगळं सांगितलं, खेळाचं सोडून. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा माझ्यावर रागावतील, की तुम्हीच त्याला फूस दिली. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, तो चिडला की बोलायचं बंद करतो आणि कपाट आवरायला घेतो. पाहिलंय का तुम्ही?"

मी म्हटलं, हो, पाहिलंय.

"ते माझं आहे. माझ्या आईचंही तसंच होतं. आठ वर्षांत एकदाही कोणी म्हणालं नाही."

मला उत्तर सुचलं नाही. एवढी वर्षं प्रतीचा विचार केला, पण त्या पानावर अर्धं कोणी छापलं होतं, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

या वर्षी फी भरलेली नाही. पुतण्या सध्या घरी आहे. काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि आजी माझ्याशी फारशी बोलत नाही. हा निर्णय बरोबर ठरेल की नाही ते मला सांगता येणार नाही. त्याने वर्ष वाया घालवलं तर सगळे मला विचारतील आणि ते विचारणं रास्त असेल. त्याला मी एवढंच सांगितलं, की जे करून पाहशील ते फसलं तर परत ये, आणि परत येताना दादासारखा असण्याची गरज नाही. तो 'बरं' म्हणाला आणि कपाट आवरायला गेला.